तीन वर्षांची गाडी

माणसाच्या आयुष्यात संपूर्ण शांतता दोनदाच येते: एकदा तो मेल्यावर आणि एकदा त्याने विजेची गाडी घेतल्यावर. हे गंभीर विधान आरेखकाच्या मेहुण्याचं. मेहुण्याकडे गाडी नव्हती आणि तो अजून मेलाही नव्हता, म्हणजे दोन्ही बाबतींत तो ऐकीव माहितीवर बोलत होता.

आरेखक लोकांच्या घरांचे नकाशे काढी. जिना कुठून चढवायचा, मोरीचं पाणी कुठे सोडायचं, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येई. स्वतःच्या घरात काही विचारलं, की मात्र तो मूग गिळून बसे.

बायको इस्पितळात सिस्टर होती. दूरच्या शहरातल्या नव्या इस्पितळाने तिला मेट्रन म्हणून बोलावलं. नेमणूक तीन वर्षांची, उत्तर महिनाअखेरपर्यंत द्यायचं. तिने भांडी पुसता पुसता विचारलं, "अहो, तुम्हाला काय वाटतं?"

"बघू," तो म्हणाला.

आणि आठवड्याभरात तो गाडी बघून आला. छोटी, पांढरी, विजेवर चालणारी. विकत नाही, भाडेकराराने. मुदत तीन वर्षं. कारण विचारणाऱ्याला तो जुन्या गाडीचा धूर आणि गॅरेजच्या फेऱ्या सांगे. खरं कारण त्याने मेहुण्यालाही सांगितलं नाही. स्वतःच्या ऑफिसला जाताना थोडा वळसा घेतला, की तिचं इस्पितळ लागे. रोज तिला सोडायचं, संध्याकाळी घ्यायचं, अशी तीन वर्षं त्याने कागदावर पक्की करून टाकली. 'जाऊ नकोस' या दोन शब्दांसाठी त्याने पानोपानी सह्या केल्या. त्यातली एकही तिची नव्हती, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

गाडी गुणी होती. जेवणं झाली, की तो खिडकीतून वायर सोडी आणि गुरांना वैरण घालावी तशा मायेने गाडीला जोडी. थंडीत हीटर लावला, की बॅटरी उन्हातल्या बर्फासारखी उतरे. म्हणून हीटर बंद आणि बायकोच्या गुडघ्यांवर शाल. अडचण एकच होती. जुन्या गाडीत इतका खडखडाट असे, की आपण बोलत नाही हे दोघांना कळतच नसे. या गाडीत तिने पर्सची चेन ओढली तरी ऐकू येई.

उत्तराची मुदत संपत आली, तेव्हा एका सकाळी त्याने बोलायचं ठरवलं. नेहमीचा रस्ता बोलायला अपुरा पडेल म्हणून त्याने तळ्याकडचा लांबचा रस्ता धरला.

"हा कुठला रस्ता?"

"इकडे गर्दी कमी असते."

"इतक्या सकाळी गर्दी करायला कोण येतंय?"

तळं आलं आणि गेलं. तो वाक्य जुळवत राहिला. ते जुळायच्या आत समोरच्या पडद्यावर बॅटरी संपत आल्याचं सांगणारं कासवाचं चित्र उमटलं आणि गाडी मरगळली. फर्निचरच्या एका दुकानामागे चार्जिंगची जागा होती, तिथपर्यंत ती कशीबशी पोहोचली. त्याने वायर लावली आणि आत येऊन बसला.

"निघताना बघितलं नव्हतं का हो?"

"बॅटरी बघितली होती. हा रस्ता नव्हता बघितला."

"आणि म्हणे नकाशे काढतात," ती म्हणाली. मग शाल सारखी करत, "बोला आता. तुम्ही उगाच वीज फुकट घालवणारे नाही."

"ही गाडी तीन वर्षांची आहे," तो म्हणाला.

"ठाऊक आहे."

"म्हणजे तीन वर्षं आपण दोघं... येऊन जाऊन..."

तिने त्याच्याकडे वळून पाहिलं. "त्यासाठी घेतलीत?"

त्याने मान डोलावली. काचेवर दोघांच्या श्वासाचं धुकं धरलं होतं.

"अहो, मी विचारलं तेव्हा 'नको जाऊस' म्हणाला असतात, तर फुकटात काम झालं असतं."

"आता म्हणतो."

"गेल्या आठवड्यातच होकार कळवलाय मी."

वरातीमागून घोडं निघाल्याचं पुष्कळांनी पाहिलेलं असतं; चार्जिंगला लावलेलं घोडं त्यानेच पहिल्यांदा पाहिलं.

"बोलली नाहीस," तो म्हणाला.

"रोज बोलणार होते. पण या गाडीत इतकं शांत असतं, की धीर होईना. जुन्या गाडीत सांगून मोकळी झाले असते."

तिने हात पुढे करून हीटर लावला. "राहू दे आता. वीज येतेच आहे." मग शालीचं एक टोक त्याच्या गुडघ्यावर टाकलं, वॉर्डातल्या पेशंटवर टाकावं तसं, फार न बघता.

"येशील ना मधूनमधून?"

"तुम्हीही या की."

"एवढ्या लांब ही गाडी नाही जाणार."

"ट्रेन जाते," ती म्हणाली.

महिना संपल्यावर रविवारी ती गेली. सोमवारी इस्पितळाचा वळसा नसल्यामुळे तो ऑफिसात लवकर पोहोचला. ऑफिसला अजून कुलूप होतं.