आईचे नगाली

“ताई, तूही सांग. सगळ्यांदेखत सांग,” सेलेस्तिनो म्हणाला, आणि नीरफणसाच्या सावलीत बसलेली पुरुषमंडळी प्रिस्काकडे वळली.

प्रिस्कानं मान खाली घातली.

डोंगर तिचा होता. ग्वाडलकनाल बेटाच्या त्या किनाऱ्यावर जमीन आईकडून लेकीकडे येते. पण चारचौघांत जमिनीविषयी बोलायचं ते भावानं. बहिणीनं आदल्या दिवशी घरात सांगायचं, भावानं ते सभेत न्यायचं. आणि तो बोलला की लोकांसमोर त्याचा शब्द खाली पाडायचा नाही. तिच्या आईनं कधी पाडला नव्हता, आजीनं नव्हता.

काल चुलीपाशी ती म्हणाली होती, “खालचं रान कंपनीला दे बाबा, तुझी मुलं शिकायचीत. पण वरचं ढगातलं रान राहू दे. तिथलं शेवाळ पाणी धरतं म्हणून आपला ओढा वाहतो. आणि वाटेवरची आईच्या हातची नगालीची झाडं तेवढी राख.”

“मी काय परका आहे?” तो हसला होता. तिच्या हातचा भाजलेला कंद खाऊन गेला होता.

आज त्यानं लाकूड कंपनीच्या माणसाला शिखरापर्यंत सगळं देऊन टाकलं.

“बघा, ताईची ना नाही.”

“असती तर गप्प बसली असती होय?” कुणीतरी म्हणालं. “बाजारात ऐका तिची जीभ.”

माणसं हसली.

यंत्रं वर चढली. ढग नेहमीसारखे यायचे, टेकायला झाड सापडायचं नाही, तसेच पुढं निघून जायचे. ओढा आधी लाल झाला, मग बारीक. लांबून पाणी आणून दमलेली लेक, क्लेरा, एकदा म्हणाली, “बोलली असतीस तर, आई?”

“बोलले होते. ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशी.”

एका दुपारी सेलेस्तिनो टोपली घेऊन आला. आत नगालीची हिरवी फळं.

“आईच्या झाडाचे. पाडलं तेव्हा लगडलेलं होतं. म्हटलं, वाया कशाला घालवायचे?”

हंगामातला पहिला नगाली बहिणीनं फोडायचा, पानावर ठेवून भावाला द्यायचा. प्रिस्कानं दगड घेतला. कवच ठेचताच दबलं. आत बदामासारखा गर धरायचा होता, तिथं पांढरट पाणी आणि चिकट साय होती. तिनं ती बोटानं पानावर काढली आणि त्याच्यापुढं सरकवली.

“कोवळा आहे गं.”

“खा.”

त्यानं खाल्ला. तोंड कडू झालं, तरी गिळला. आसपास चिटपाखरू नव्हतं. आता काहीही बोलली असती तरी चाललं असतं.

तिनं टोपलीत हात घातला आणि दुसरा नगाली फोडायला धरला.