अप्पांच्या मेंदूची भिंत

मी भिंत बोलतेय. विटा-चुन्याची नाही हो, चिंतामणी अप्पांच्या डोक्यातली. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आतून पेशी एकमेकींना घट्ट चिकटून उभ्या असतात ना, तीच मी. रक्तातून साखर आली, प्राणवायू आला, की आत सोडायचं. बाकीच्यांना बाहेरूनच रामराम. एवढी राबले, पण अप्पांना माझा पत्ताच नव्हता. त्यांच्या बायकोला, कुंदाला, हे ऐकून नवल वाटणार नाही.

माझा जन्म अप्पांच्याही आधीचा, ते आईच्या पोटात होते तेव्हाचा. ते लहान असतानाच राज्यांची वाटणी झाली. नागपूर तिकडे मराठी मुलखात गेलं, जबलपूर इकडे हिंदी मुलखात राहिलं. त्यांच्या वडिलांनी जबलपुरातल्या चेरीताल मोहल्ल्यातल्या घरात नियम केला: हिंदी उंबऱ्याबाहेर. अप्पांनी तो वडिलांपेक्षा कडक पाळला. दूधवाल्याशी, साहेबाशी फर्डी हिंदी, आणि आत पाऊल टाकलं की मराठी. सून मनीषा हिंदी घरातली. "पापाजी, चाय आणली, घेऊन घ्या," अशी बिचारी कसरत करायची. अप्पा म्हणायचे, "चहा म्हणावं." मला तर बाई अभिमान वाटायचा. माणूस माझ्याच वळणाचा!

रक्तात शिपाई असतात, रोगजंतूंना बडवणारे. साठीनंतर अप्पांच्या शिपायांचं डोकं फिरलं. ते मेंदूतल्या पेशींनाच शत्रू समजायला लागले. माझ्यासमोरून दात-ओठ खात जायचे, पण आत शिरायला फट नव्हती. म्हणून अप्पा धडधाकट होते.

मग रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी रोजची गोळी दिली. अप्पा म्हणाले, "मले काय धाड भरली?" आणि गोळी खिडकीत ठेवून लोणच्याची आणखी एक फोड घेतली. माझ्यावर अष्टौप्रहर रक्ताचे धक्के बसू लागले. मी तरी किती सोसू? माझे सांधे उसवले आणि ते शिपाई आत घुसले. कुंपणानंच शेत खायला सुरुवात केली. मला फार लाज वाटली.

एके सकाळी मनीषानं चहा पुढं केला, तर अप्पा अदबीनं म्हणाले, "शुक्रिया बेटी. आप भी बैठिए."

मनीषा धावतच स्वयंपाकघरात. "मम्मीजी! पापाजी माझ्याशी हिंदीत बोलले!"

"चलो, अप्पा सुधारले," मुलगा दिवाकर म्हणाला.

कुंदा म्हणाली, "काहून नाही सुधरणार? म्हातारपणी माणूस मऊ होते." त्या दिवशी मनीषानं शिरा केला. अगं बाई, शिरा!

मी आतून कंठशोष करून राहिले होते. अरे, हा माणूस मऊ नाही झाला, तुम्हाला बाहेरचं समजून राहिला! पण भिंतीला कान असतात म्हणतात, तोंड कुठं असतं? पुढं कितीतरी महिने घरात आनंदीआनंद होता. मनीषा गप्पा मारायची, अप्पा "जी, जी" करायचे. शेजारीपाजारी म्हणायचे, सासरा असावा तर असा.

मग एका जेवणाच्या वेळी कुंदा पोळी वाढायला वाकली. अप्पांनी हात जोडले. "बस, बहनजी. आप किसके यहाँ से आई हैं?"

पोळी कुंदाच्या हातातच राहिली.

दवाखाना झाला, तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, शिपायांना औषधानं आवरू, पण ज्या पेशी गेल्या त्या परत येत नाहीत. "जरा आधी काहून नाही आणलं?" दिवाकर खाली मान घालून म्हणाला, "आम्हाला वाटलं, ते सुधारले."

शिपाई आता बरेचसे शांत आहेत. रक्तदाबाची गोळी मनीषा स्वतःच्या हातानं देते, अप्पाही मुकाट्यानं घेतात. माझ्या फटी थोड्या बुजल्यात. पण आत जे गेलं ते गेलं. तुमच्याही डोक्यात माझी एक बहीण उभी आहे. तिच्यासाठी तरी आपली गोळी खिडकीत ठेवू नका, एवढंच मागणं.

कुंदा मात्र रोज वाट पाहते, आज तरी ओळखतील. काल संध्याकाळी ती त्यांच्याजवळ ओसरीवर बसली होती. अप्पा उठायला लागले.

"चलते हैं, बहनजी. घर पर कुंदा राह देखती होगी. हमारे बिना खाना नहीं खाती."

कुंदाही उठली.

"बहुत अच्छी है," अप्पा म्हणाले. "हमने कभी उससे कहा नहीं."

उभ्या संसारात हे वाक्य तिनं मराठीत कधी ऐकलं नव्हतं. तिनं पदरानं डोळे पुसले, त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं आणि स्वच्छ हिंदीत म्हणाली, "थोड़ी देर बैठिए, भाईसाहब. वो यहीं आ रही है."