दत्ताजीरावांचा शाही चेहरा

सुभद्राबाई देवासच्या घरी मेथी निवडत बसल्या होत्या, तेव्हा धारहून धाकट्या भावाचा फोन आला. दत्ताजीरावांनी तब्येतपाणी विचारलं नाही. सरळ म्हणाले, "अक्कासाहेब, आमच्या सूनबाई चोरी करू लागल्या आहेत. आपण या."

"काय चोरलं?"

"आमच्या खात्यातून पैसे जातात. दर महिन्याला. घरात दुसरं कोण आहे?"

सुभद्राबाईंनी मेथी फ्रीजमध्ये टाकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बस धरली. जन्म शाळेत मुख्याध्यापिका म्हणून काढलेला. सगळ्यात मोठ्या आवाजात तक्रार करणाऱ्याचं दप्तर आधी तपासायचं, हे त्या नोकरीत शिकल्या होत्या. शिवाय भावाला त्या ओळखून होत्या. त्यांचे पणजोबा दरबारात हत्तींचा चारा बघायचे. दत्ताजीरावांच्या तोंडी ते आधी फौजदार झाले, मग सरदार, आणि वीज मंडळातून निवृत्त झाल्यावर दत्ताजीरावांना एकदम मोकळा वेळ मिळाला, तेव्हा सेनापती. स्वतःला 'आम्ही' म्हणणं त्याच सुमाराला सुरू झालं. घरात सगळ्यांच्या मागे 'साहेब' लागलं, ते स्वतः आबासाहेब झाले. चहा मात्र पूर्वीसारखा सूनच करत होती.

दिवाणखान्यात पाऊल टाकलं आणि सुभद्राबाई थबकल्या. समोरच्या भिंतीवर भली थोरली तसबीर होती. डोक्यावर पागोटं, कमरेला तलवार, मिशा कानापर्यंत, आणि चेहरा दत्ताजीरावांचा, पण तिशीतला. तिशीत दत्ताजीराव असे कधीच दिसत नव्हते. तिशीत ते स्कूटर ढकलत असत.

"हे कोण?"

"लोक विचारतात, कोणते पूर्वज म्हणून," दत्ताजीराव म्हणाले. "आम्ही काही बोलत नाही."

"मोबाईलवर केलंस?"

"एक अ‍ॅप होतं. शाही चेहरा. ते आम्ही केव्हाच उडवलं."

उर्वशी पाणी घेऊन आली. वाकून नमस्कार केला आणि दाराजवळ उभी राहिली. लग्नाआधी ती कुक्षीच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. चेहरा उतरलेला होता. तिच्या मागे तिचा नवरा विहंग होता. पीथमपूरच्या कारखान्यात सुपरवायझर, हाताखाली पन्नास माणसं, आणि बापासमोर मान खाली.

"आता नीट सांग," सुभद्राबाईंनी भावाला म्हटलं.

सांगण्यासारखं फार नव्हतं. वीजबिल, गॅस वगैरे उर्वशी सासऱ्यांच्या फोनवरून भरायची, म्हणून तिला पिन ठाऊक होता. खात्यातून पैसे जाताना दिसले तेव्हा दत्ताजीरावांनी पिन बदलला आणि फोन उशाखाली ठेवायला लागले.

"मग थांबले का जायचे?"

"नाही."

"पिन तुझा, फोन तुझ्या उशाखाली. तरी चोर ती?"

"त्या कॉम्प्युटर शिकलेल्या आहेत, अक्कासाहेब. त्यांना रस्ते ठाऊक असतात."

सुभद्राबाईंनी असली उत्तरं सहावीच्या वर्गात ऐकली होती. तिथे निदान मुलं लाजायची. त्यांनी फोन मागून घेतला आणि बँकेचे मेसेज उघडले. मेसेज इंग्रजीत होते, आणि दत्ताजीरावांचं इंग्रजी सहीपुरतं होतं. पैसे कुठे गेले ते प्रत्येक मेसेजात स्वच्छ लिहिलेलं होतं.

"हे तर अ‍ॅपच्या स्टोअरला गेलेत."

"आम्ही कुठल्याही स्टोअरमध्ये गेलो नाही."

"अ‍ॅप घेताना पहिले काही दिवस फुकट म्हणालं असेल. मग 'आगे बढ़ें' दाबलंस, पिन टाकलास. त्यानंतर ते दर महिन्याला आपले आपण कापून घेतात, पिन विचारत नाहीत."

"पण अ‍ॅप उडवलं ना आम्ही."

"अ‍ॅप उडवलं, वर्गणी नाही उडवली. वर्तमानपत्र रद्दीत घातलं म्हणून पेपरवाला येणं थांबवतो का?"

सुभद्राबाईंना हे माहीत होतं, कारण एका योगासनांच्या अ‍ॅपने त्यांनाही असंच वर्षभर लुबाडलं होतं. त्यांनी स्टोअर उघडलं, कोपऱ्यातल्या गोलावर बोट ठेवलं, पेमेंट आणि सबस्क्रिप्शनचं पान काढलं. पान कोरं होतं. एकही वर्गणी चालू नव्हती.

दत्ताजीरावांनी मिशीवरून हात फिरवला. ती खरी मिशी होती, म्हणजे तुटपुंजी. "बघितलंत? आम्ही उगाच बोलत नाही. विहंगराव, आता तुम्हीच विचारा आपल्या बायकोला."

विहंगने घसा साफ केला आणि खिडकीबाहेर बघितलं. सुभद्राबाईंना वाटलं, याला दोन मुस्काटात द्याव्यात.

तेवढ्यात उर्वशी बोलली. "आत्यासाहेब, त्या गोलावर परत दाबा. नीचे दूसरा अकाउंट आहे. समाजाच्या ग्रुपसाठी आबासाहेबांनी वेगळा ईमेल बनवला होता, त्याच्यावर घेतलं असेल."

सुभद्राबाईंनी दाबलं. खरंच दुसरं खातं निघालं, नाव 'सेनापती दत्ताजीराव'. त्यात दोन वर्गण्या ठणठणीत चालू होत्या. एक शाही चेहरा. दुसरी आवाज भारदस्त करून देणारी. त्यावर दत्ताजीराव घराण्याचा इतिहास रेकॉर्ड करून ग्रुपवर पाठवत, हे सुभद्राबाईंना आता उमगलं. गेल्या वर्षी तो आवाज ऐकून भावाला सर्दी झाली असं समजून त्यांनी काढा सांगितला होता.

"तुला ठाऊक होतं?" त्यांनी उर्वशीला विचारलं.

"शक होता."

"मग बोलली का नाहीस?"

"फोनला हात लावला असता तर म्हणाले असते, मीच टाकलं. मी ह्यांना सांगितलं होतं." तिने नवऱ्याकडे बघितलंही नाही. "हे म्हणाले, आबासाहेबांना कोण सांगणार."

सुभद्राबाईंनी फोन भावाच्या हातात दिला. "आता तू बंद कर. तुझ्या बोटाने."

"विहंगराव करतील."

"विहंगराव खिडकी बघताहेत. तू कर."

दत्ताजीरावांनी चष्मा लावला. 'रद्द करें' दाबल्यावर फोनने कारण विचारलं, आणि सुभद्राबाईंनी मोठ्याने वाचायला लावलं. इस्तेमाल नहीं करता. महँगा है. इससे अच्छा ऐप मिल गया. दत्ताजीराव अडले. वापरत नाही म्हणावं तर समोर तसबीर, महाग म्हणावं तर इभ्रत. शेवटी त्यांनी 'अन्य कारण' दाबलं. दोन्ही वर्गण्या बंद झाल्या.

"झालं," ते चष्मा काढत म्हणाले. "मोबाईलचीच चूक होती म्हणायची."

"आणि तू हिला चोर म्हणालास, ते?"

"घरातल्या घरात बोलणं होतं."

"देवासपर्यंत फोन केलास. अजून कुणाकुणाला सांगितलंस?"

दत्ताजीराव चष्मा पुसायला लागले. उर्वशीनेच सांगितलं. समाजाच्या बैठकीत सांगितलं होतं, शेजारी सांगितलं होतं, आणि तिच्या वडिलांना कुक्षीला फोन करून 'मुलीला समज द्या' म्हणून सांगितलं होतं. वडील तेव्हापासून तिच्याशी नीट बोलले नव्हते.

"लाव फोन," सुभद्राबाई म्हणाल्या. "आधी हिच्या वडिलांना. मग बाकीच्यांना."

"अक्कासाहेब, सासऱ्याने व्याह्याची माफी मागायची? आपल्या घराण्यात असं झालेलं नाही."

"आपल्या घराण्यात हत्तींना गवत घालायचं काम झालेलं आहे, दत्तू."

दत्ताजीरावांचा चेहरा पडला, पण फोन त्यांनी लावला नाही. 'वेळ बघून' करू म्हणाले. तो सुभद्राबाईंनीच व्हरांड्यात जाऊन लावला. सगळं ऐकून पलीकडून उर्वशीचे वडील म्हणाले, "बाई, मी पोरीला विचारलंसुद्धा नाही हो."

संध्याकाळी त्या निघाल्या तेव्हा उर्वशी बॅग घेऊन दारात उभी होती. "आत्यासाहेब, तुमच्या देवासच्या घरातली वरची खोली भाड्याने दिलीय का?"

"रिकामी आहे. आणि मला नुसतं आत्या म्हण."

विहंगने 'अरे, असं एकदम कसं' म्हणून पाहिलं. दोघींपैकी कोणीच थांबलं नाही. त्याला पाठोपाठ यायला सव्वा महिना लागला, आणि तोही जेवणाचे हाल झाले म्हणून आला, असं सुभद्राबाईंचं स्पष्ट मत होतं. दत्ताजीरावांनी धारमध्ये सांगितलं की मुलाला मोठ्या शहरात आम्हीच धाडलं. तसबीर भिंतीवर तशीच राहिली.

उर्वशीला देवासच्या एका शाळेत काम मिळालं. ती हसू बोलू लागली, वर्गातल्या पोरांच्या नकला करू लागली. पण बाजारातून आली की उरलेली चिल्लर सुभद्राबाईंसमोर टेबलावर ठेवायची, पाकीट उलटं करून दाखवायची, आणि मगच चपला काढायची. कोणी विचारलेलं नसायचं. सुभद्राबाई पहिल्यांदा रागावल्या, मग समजावून बघितलं, मग बोलणं सोडून दिलं. ती आली की त्या मुद्दाम उठून स्वयंपाकघरात जात आणि चहाचं आधण ठेवत, म्हणजे दाखवायला समोर कोणी नसे.