मलिद्याची पिशवी

शोशनाने गाडीचं दार आतून लॉक केलं आणि मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरली. बाहेर हेन्री छत्री घेऊन उभा होता. त्याने काचेवर टकटक केली, तशी तिने मान समोर वळवली. समोर बघण्यासारखं काही नव्हतं. वायपर बंद होते आणि काचेवरून पाण्याचे ओघळ उतरत होते.

"अगं, भिजतोय मी," हेन्री म्हणाला.

मग घरात जा, असं तिने बोटानेच सांगितलं. या बोटापुढे बोलण्यात अर्थ नसतो, हे हेन्री लग्नानंतर लवकरच शिकला होता. तो निमूट गेला.

घर एकमजली होतं, निळ्या पत्र्याच्या छपराचं. ते त्यांच्या मुलाने, अवनेरने, विकत घेतलं होतं आणि शोशनाला ते आज सकाळी इथे पोहोचल्यावर कळलं होतं.

मागच्या आठवड्यात अवनेरचा फोन आला होता. आपण आता खाणीत उतरत नाही, वर कंट्रोल रूममध्ये बसून मशीन चालवतो, असं त्याने सांगितलं. तुम्ही दोघं या, एक सरप्राइज आहे, असंही म्हणाला. तो पहिल्यांदा जमिनीखाली उतरला त्या दिवशीच शोशनाने एलियाहू हन्नाबीला, नवसाला पावणाऱ्या ज्यू प्रेषिताला, गोड पोह्यांचा मलिदा बोलला होता. नवस फेडायची वेळ आली, हे तर उघडच होतं. सरप्राइज काय असणार, हेही तिने परस्पर ठरवून टाकलं. पोरगा नोकरी सोडून टोरंटोला परत येणार. तिने पोहे, नारळ, साखर, वेलची, गुलाबपाणी आणि पाच फळं पिशवीत भरली. मलिदा त्याच्या खोलीवरच करायचा आणि त्याला घेऊनच निघायचं. त्याच्या सामानासाठी गाडीची डिकीसुद्धा तिने स्वतः रिकामी केली होती.

आणि अवनेरने त्यांना या दारासमोर आणून, "सरप्राइज!" म्हणत हात पसरले.

ती घरात गेलीच नाही. हेन्रीला म्हणाली, चला परत. पण गावाला येणारा आणि गावातून जाणारा रस्ता एकच, आणि गावाबाहेरच्या ओढ्याने तो मधोमध खाल्ला होता. तिथल्या पोलिसाने हात करून गाडी वळवायला लावली. उद्याच्या आधी काही होणार नाही, म्हणाला. खाणीचा उंच मनोरा, एक पेट्रोल पंप, त्यालाच चिकटलेलं कॉफीचं दुकान आणि घरांची एक रांग, एवढं सगळं पावसातून पुन्हा एकदा पाहत ते याच दारापाशी परत आले होते. आपण अडकलो याचा तिला फार राग नव्हता. पोरगा इथे अडकला, तोही आपल्या हाताने, याचा होता.

लॉक खट्कन उघडलं. किल्ली हेन्रीकडे आहे, हे ती रागाच्या भरात विसरली होती. अवनेर ओल्या कपड्यांनिशी शेजारी येऊन बसला.

सूप गरम केलंय, तो म्हणाला. हीटर लावलाय. कोणी मुलगी आहे का, असं तिने विचारलं. नाही म्हणाला. मग नोकरीची काही अट, करार वगैरे? तसंही काही नव्हतं.

"मग का रे? आपलं असं एक माणूस नाही इथे."

"आय लाइक इट हिअर, मम्मी. दॅट्स इट. मोठं काही रीझन नाहीये."

कारण असतं तर तिने ते खोडून काढलं असतं. नुसत्या आवडण्याशी भांडायचं कसं, हे तिला कळेना.

"मी नवस तुला परत आणायला केला होता," ती म्हणाली.

"नाही. तू म्हणाली होतीस, माझं खाली उतरणं थांबू दे. तेवढंच."

ते खरं होतं. एलियाहू हन्नाबीने आपलं काम चोख केलं होतं. पुढचं तिने मागितलंच नव्हतं. पण या घरात पोहे भिजवले की या घराला आपली संमती झाली, आणि ती द्यायला तिचं मन तयार नव्हतं. मलिदा टोरंटोला जाऊन करीन, असं तिने सांगितलं.

"ओके," अवनेर म्हणाला. तो उतरून आत गेला.

नवस थांबतो, पण वॉशरूम थांबत नाही. सकाळी मोटेलात प्यायलेला चहा शोशनाला फार वेळ गाडीत बसू देईना. अखेर ती पिशवी छातीशी धरून उतरली आणि चिखलातून दारापर्यंत आली.

तिचा उजवा हात आपोआप वर गेला. टोरंटोच्या घरी मेझुझा, प्रार्थनेचा कागद आत असलेली ती बोटभर डबी, हेन्रीने नियमाप्रमाणे चौकटीवर उंच लावली होती. शोशना बुटकी. येता-जाता हात लावून बोटं ओठांना टेकवायची, तर तिला टाचा उचलाव्या लागत. इथेही तिने टाचा उचलल्या. बोटांना नुसतं ओलं लाकूड लागलं.

एवढंही विसरला, तिच्या मनात आलं, आणि तिला रडू फुटायला आलं. टाचा खाली टेकल्या. हात चौकटीवरून घसरत तिच्या खांद्यापाशी आला आणि तिथे कशाला तरी अडला.

लाकडाची लहानशी डबी होती. दोन स्क्रूंनी नीट पक्की बसवलेली.

पागोळ्यांचं पाणी मानेवर पडत होतं तरी ती तिथेच उभी राहिली.

"मी फोनवरच सांगितलं होतं त्याला, फार खाली लावतोयस म्हणून," आतून हेन्रीचा आवाज आला. "नियमात बसत नाही. ऐकेल तर ना."

म्हणजे हेन्रीला हे घर आधीपासून माहीत होतं. त्याच्याकडे टोरंटोला गेल्यावर बघू, असं तिने ठरवलं.

तिने डबीला पुन्हा हात लावला आणि बोटं ओठांना टेकवली. अवनेर दारात आला होता. तिने पिशवी त्याच्या हातात दिली.

"पोहे धुऊन घे," ती म्हणाली. "फार भिजवू नकोस, लगदा होतो. आणि वॉशरूम कुठेय?"