सात माणसांचं पातेलं

“किती मानसांचं पायजे, येसाजी?” कर्जतच्या बाजारात भांडी विकणाऱ्या हिरामणशेटने तिसऱ्यांदा विचारलं.

येसाजी पातेल्यांच्या रांगेकडे बघत राहिला. बैल घ्यायचा असता तर त्याने दात बघितले असते, खांदा चाचपला असता. पातेल्याचं काय बघायचं? पन्नास वर्षं तो चवीने जेवला, पण भात कशात शिजतो हे त्याने कधी वाकून पाहिलं नव्हतं.

निघताना बायकोने, सुंदराने, बजावलं होतं, “शोभेचं कायबी आनू नका. जनीला रोज लागंल असं बघा.” ती स्वतःच आली असती, पण तांदळाचे पापड उन्हात घालून राखत बसली होती. धाकट्या भावाच्या बायकोला, जनीला, रोज लागेल असं म्हणजे काय, हे विचारायचं येसाजीला सुचलं नाही. इथे तर सगळंच रोजचं वाटत होतं. त्याने परात उचलली, ठेवली. तवा घेतला, तर शेट म्हणाला, “तुमच्यात भाकरी बिडाच्या तव्यावर का खापराच्या?” येसाजीने तवाही ठेवून दिला. महायुद्धात पितळ मिळेनासं झालं होतं; लढाई संपून वर्ष झालं, तरी पितळ दिसलं की माणसं अजून हात लावून बघत. येसाजीनेही दोन-चार भांड्यांना उगाच हात लावला.

“घरभरनी कुनाची म्हनायची?” शेटने विचारलं.

“आमच्या सदूची. भिवपुरीच्या पावरहौसात लागलाय न्हवं का. दोन खोल्या मिळाल्यात त्याला.”

“म्हंजे धाकला भाऊ येगळा झाला.”

“येगळा कशापायी? नोकरी हाय म्हनून ऱ्हायला तिकडं.”

हे बोलताना त्याचा आवाज चढला. खरा गोंधळ तिथेच होता. भांडण झालं असतं तर त्याला उमगलं असतं. घरोघरी मातीच्याच चुली. भाऊ भांडतात, बांध पडतो, एकाच्या दोन चुली होतात. पण सदू जाताना पाया पडला होता, लहान पोरासारखा रडला होता. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा. सुंदराने त्याला वाढवलं, तिच्या पोटी मूल आलंच नाही. मग त्याची बायको जनी आली, तीन पोरं झाली, आणि सगळे एकाच चुलीवर जेवले. आता कोणाचं कुठलं घर, हे येसाजीला धड कळत नव्हतं आणि विचारायची लाज वाटत होती.

“बरं, मानसं तरी मोजा,” शेट म्हणाला.

हे काम सोपं होतं. येसाजी बोटांवर मोजू लागला. सदू, जनी, तीन पोरं, सुंदरा, आपण.

“सात.”

शेटने जाड बुडाचं, ताज्या कल्हईचं पितळी पातेलं काढलं आणि टिचकी मारून दाखवलं. येसाजी खूश झाला. सोबत झाकण आणि पळी घेऊन त्याने आपल्या गावाची, पळसदरीची वाट धरली.

सुंदराने पातेलं फिरवून फिरवून पाहिलं. “बेस हाय. पन लई थोरलं वाटतंय. किती जनांचं?”

“सातांचं.”

“सात कोन?”

येसाजी पुन्हा बोटांवर मोजू लागला. पाचाशी आल्यावर तो अडखळला. “आनि आपुन दोघं,” तो हळूच म्हणाला.

“अवं, आपुन तिथं कुठं ऱ्हातो?” सुंदरा हसायला लागली आणि मधेच थांबली. उगाच उठून तिने पापड उलटे केले, मघाशीच उलटलेले.

“बदलून आनू?”

“नगं. असू द्या मोठंच.”

आपण मोजण्यात चुकलो की आणखी कशात, हे येसाजीला कळेना. त्याला फार वाईट वाटलं एवढं खरं.

घरभरणीला रिकामं भांडं देत नाहीत. सुंदराने पातेलं घरच्या तांदळाने काठोकाठ भरलं, आणि दोघं भिवपुरीला गेली. जनीने त्याच दुपारी त्याच पातेल्यात भात रांधला. सातही माणसं एका पंगतीला बसली, पोरं येसाजीच्या मांडीला मांडी लावून. “बघ, मापाचं निघालं,” तो सुंदराला म्हणाला आणि पोटात जागा नसताना पुन्हा भात मागितला.

जेवणं झाल्यावर सुंदरा सवयीने भांडी घासायला उठली. जनीने तिच्या हातातून पातेलं काढून घेतलं.

“तुमी नगं, आक्का. आज तुमी पावन्या.”

ती प्रेमानेच बोलली. सुंदरा ओले हात पदराला पुसत बाजूला झाली.

निघायच्या वेळी जनीने उरलेला भात आणि भाजी केळीच्या पानात बांधली. सदूने ती पुरचुंडी दारात येसाजीपुढे धरली.

“घे दादा. आता घरी जाऊन वयनी कुठं चूल पेटवंल?”

शेतावर न्यायची भाकरी निराळी. घरचा माणूस घरातून जेवण बांधून नेत नाही. ते देतात पाहुण्याला. येसाजीने सदूकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर नुसती माया होती, दुसरं काही नव्हतं. रागवायलाही जागा नव्हती.

“घ्या की,” मागून सुंदरा म्हणाली, “पोरीनं मनानं दिलंय.”

येसाजीने डोक्यावरची टोपी नीट केली, आणि परक्याच्या दारात घ्यावी तशी, दोन्ही हात पुढे करून, ती पुरचुंडी घेतली.