खांदेमळणीचं आवतन

आता आमच्या तांड्यात घरोघरी शेळ्या हायेत, म्हणून कुणी हसत न्हाई. दोन हजार चार-पाचला मी बैलजोडी विकली, तव्हा मात्र बाया हापशावर म्हणायच्या, "जिवनबाईनं सासऱ्याचं काळीजच बाजारात नेलं."

मग काय करावं माणसानं? पेरलं की पाऊस दडी मारायचा, आन् सोयाबीन काढणीला आलं की धो धो कोसळायचा. सालोसाल तेच. नवरा वसराम ट्रकवर, महिन्याला एकदा तोंड दाखवायचा. दावणीला बैल उपाशी, घरात लेकरं उपाशी. शेवटी आखाडा बाळापूरच्या बाजारात जोडी देली आन् शेळ्या आणल्या.

सासरे बाबूसिंग, त्यांना मी मामा म्हणायची, त्या दिवसापासून माझ्याशी बोलले न्हाईत. शेळीच्या दुधाचा चहा देला की पेला सरकवून उठायचे. "बैलांवर मुलूख फिरलेली जात आपली," हे शेळ्यांना ऐकवायचे, मला न्हाई. मी बी काय कमी! भांडी आपटायची. पण खरं सांगते, जीव तुटायचा. मला माय-बाप न्हाई, त्याच माणसानं लेक म्हणलं होतं.

पोळ्याचा आदला दिवस आला. दरसाली त्या सांजेला मामा लोणी-हळदीनं बैलांचे खांदे मळायचे आन् त्यांच्या कानात म्हणायचे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या." त्या सांजेला बी ते वाटी घेऊन बसले, पण रिकाम्या दावणीपाशी. मी सुबाभळीच्या फांद्या खांद्यावर घेऊन आले. खांदा सोलून निघाला होता.

"ठेव ते खाली," मामा म्हणले. इतक्या महिन्यांनी!

"काहून? शेळ्या हवा खातेत व्हय?" मी फणकारले.

ते उठले. सुनेच्या अंगाला हात लावायची रीत न्हाई, म्हणून वाटी माझ्या पुढ्यात ठेवली आन् तोंड फिरवून म्हणले, "खांदा मळून घे, लेकी. जू आता तुझ्यावर हाय. आज आवतन घे, उद्या जेवाया ये."

दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचं पहिलं ताट त्यांनी माझ्यापुढं ठेवलं. मी रडत रडत जेवले. मग चहा देला. "वास मारून राहिला," म्हणले, पण पेला रिकामा केला.

मामा जाऊन लई सालं झाली. पोळ्याच्या आदल्या सांजेला मी अजून लोणी-हळद कालवते. खांदा बी दुखतोच. आवतन द्यायला मात्र कुणी न्हाई.