लेंड्यांचा तक्ता

कापशी नावाच्या ससुलीचं गर्भाशय काढून टाकायचं, हा निर्णय घरातले सगळे निर्णय होतात तसाच सर्वानुमते झाला. म्हणजे सुनेने घेतला, नवऱ्याने "तू म्हणशील तसं" म्हणून अंग काढून घेतलं आणि सासूबाईंनी तीन दिवस जेवताना उसासे सोडले.

कारण साधं होतं. गेल्या महिन्यात कापशीने स्वतःच्या छातीवरचे केस उपटून सोफ्यामागे घरटं केलं होतं. पिल्लं नव्हती, व्हायची शक्यताही नव्हती, कारण घरात दुसरा ससाच नव्हता. तरी बाईसाहेब दोन दिवस त्या रिकाम्या घरट्याची राखण करत बसल्या. जिचं स्वतःचं बाळ नऊ महिन्यांचं आहे तिला हे कसं बघवणार? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे असं पुन्हापुन्हा होईल, शिवाय माद्यांना पुढे गर्भाशयाचा कॅन्सर फार होतो, काढून टाकलेलं बरं.

"मुका जीव," सासूबाई म्हणाल्या. "त्याला कुणी विचारलं का?"

"तुम्ही विचारून बघा ना, आई. मी विचारलं तेव्हा ती चटईचं टोक खात होती."

"खाऊ दे. पोटात सुरी जाण्यापेक्षा चटई गेलेली बरी."

ऑपरेशन दुपारी झालं आणि संध्याकाळी कापशी घरी आली. पोटावर बोटभर टाके, डोळे अर्धे मिटलेले, आणि चेहऱ्यावर असा भाव की या घरातल्या सगळ्यांची नावं तिने लिहून ठेवली आहेत. डॉक्टरीणबाईंनी निघताना एवढंच बजावलं होतं, "सशाचं पोट चालू राहायला हवं. दुखायला लागलं की ससा खात नाही, खाल्लं नाही की आतडं थांबतं, आणि ते थांबलं की खेळ फार लवकर संपतो. उद्या दुपारपर्यंत लेंड्या दिसल्या पाहिजेत. नाही दिसल्या तर वाट बघत बसू नका, फोन करा."

सून शाळेत गणित शिकवायची. सध्या रजेवर असल्यामुळे तिच्या हाताशी शिस्त लावण्याजोगं कुणी उरलं नव्हतं. तिने पट्टी घेऊन तक्ता आखला आणि फ्रिजवर बाळाच्या तक्त्याशेजारी लावला. वेळ, खाल्लं, लेंड्या, दुखण्याचं औषध, टाके. दोन्ही तक्ते शेजारी-शेजारी असे दिसत की घरात दोन बाळं आहेत आणि दोघांच्याही बाबतीत आई मुख्यतः एकाच गोष्टीची वाट बघते आहे.

रात्री कापशीने कोथिंबिरीची दोन पानं खाल्ली. सुनेने "२ पानं" असं लिहिलं, आणि मग प्रामाणिकपणे त्यापुढे "एक अर्धवट" असं जोडलं.

पहाटे बाळाने तिला इतकं पिळून काढलं की सकाळच्या पाळीला ती उठूच शकली नाही. नवरा म्हणाला, "तू झोप. मी बघतो." लग्नाला चार वर्षं होऊनही हे वाक्य ऐकून तिला गाढ झोप लागली, यावरून ती किती थकली होती ते कळावं.

नवरा खेळण्यांच्या कारखान्यात तपासनीस होता. पट्ट्यावरून अस्वलं येत, तो त्यांचे डोळे ओढून बघे आणि कागदावर टिक करी. दिवसाला सातशे अस्वलं. इतकी अस्वलं रोज तपासणाऱ्या माणसाला एक ससुली काय जड.

नऊ वाजता सून उठली तेव्हा तो कामावर गेला होता आणि सहाच्या ओळीत चार सुबक टिका होत्या. खाल्लं, टिक. लेंड्या, टिक. औषध, टिक. टाके, टिक. तिचा जीव भांड्यात पडला. उगाच तिला हात लावून त्रास नको, म्हणून तिने लांबूनच कापशीला बघितलं. खोक्याच्या कोपऱ्यात ती अंग चोरून बसली होती. झोपली असेल बिचारी. सुनेने बाळाला न्हाऊ घातलं आणि गुणगुणत कपडे वाळत टाकले.

बारा वाजता ती कापशीच्या खोक्यातला ट्रे साफ करायला गेली, तर ट्रेमध्ये साफ करण्यासारखं काही नव्हतं. कोरा. रात्रीचं गवत जसंच्या तसं.

"आई, तुम्ही ट्रे झाडलात का?"

"मी?" सासूबाई निवडणं टाकून म्हणाल्या. "त्या डब्याला माझा हात लागला तर घरात पुन्हा एखादं ऑपरेशन होईल."

मग तिने वाकून नीट बघितलं. कापशी झोपली नव्हती. तिने पोट जमिनीला दाबून धरलं होतं आणि दात कराकरा वाजवत होती. सुनेने नवऱ्याला फोन लावला, स्पीकरवर.

"सकाळी लेंड्या किती होत्या?"

"किती म्हणजे... व्यवस्थित."

"रंग?"

"लेंड्यांचा असतो तसाच."

"तू बघितल्यास?"

मागे पट्ट्याची घरघर ऐकू येत होती. "हे बघ, रिकामी चौकट दिसली की तू घाबरतेस. ती ठीकच दिसत होती. कान दोन, डोळे दोन..."

"आणि औषध?"

"दिलं की. म्हणजे द्यायला गेलो. तिने तोंड फिरवलं. पुन्हा गेलो, पुन्हा फिरवलं. मग उशीर झाला."

"आणि टिक?"

"ती प्रयत्नाची."

बोलण्यासारखं सुनेकडे पुष्कळ होतं, पण त्याला निवांत संध्याकाळ लागणार होती. तिने फोन ठेवला आणि डॉक्टरीणबाईंना लावला.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "दुखतंय तिला, म्हणून खात नाही. आत्ता लगेच औषध द्या. अर्ध्या तासाने मी दिलेली खाण्याची पावडर पाण्यात कालवून सिरिंजने भरवा, गालाच्या बाजूने, थेंब थेंब. चारपर्यंत लेंडी दिसली नाही तर घेऊन या. आणि एकटीने धरू नका. उडी मारली तर टाके उसवतील."

एकटीने धरू नका. घरात दुसरं मोठं माणूस एकच होतं आणि ते गेले चार दिवस उसासे सोडत होतं.

"आई, तिला धरायला याल का?"

सासूबाईंनी चष्मा वर केला. "कापताना नाही विचारलंत."

"आता विचारतेय. ती मरेल, आई."

सासूबाईंनी ताट बाजूला सारलं, हात धुतले, आणि गुडघ्यांना दोन शब्द सुनावत जमिनीवर बसल्या. "टॉवेल दे. तो नवा नको, टोचतो. माझा जुना आण."

त्यांनी कापशीला अशी गुंडाळली की फक्त तोंड आणि कान बाहेर. सुनेने चार व्हिडिओ बघूनही तिला तसं जमलं नव्हतं. औषधाचा थेंब आत गेला. कापशीने जीभ फिरवली आणि दोघींकडे सारख्याच तिरस्काराने बघितलं.

"आता अर्धा तास," सून म्हणाली.

"बसते मी. हलवू नको तिला."

बाळ झोपलं होतं. दोघी भिंतीला टेकून बसल्या. सासूबाईंचा अंगठा कापशीच्या कपाळावरून मागे मागे फिरत होता.

"माझी पिशवी काढली ना," त्या एकदम म्हणाल्या, "तेव्हा चौथ्या दिवशी ओट्याशी उभी होते. तुझे सासरे म्हणाले, चेहरा ताजातवाना दिसतोय. त्यांचा लेक तो. कान दोन, डोळे दोन."

सुनेला हसू आलं आणि मग आलेलं हसू कुठे ठेवावं ते कळेना. "तुम्ही कधी बोलला नाहीत."

"कुणाला सांगू? तक्ता लावला होता का कुणी?" टोमणाच होता, पण बोथट. "दुखायचं खूप. खाववायचं नाही. सगळे म्हणायचे, खात का नाहीस, नखरे करतेस. हिच्यासाठी उसासे टाकत होते ते काय, सशावर जीव जडला म्हणून? मला ते सगळं आठवत होतं."

सुनेने सासूबाईंच्या हाताकडे बघितलं. चार वर्षं ती या बाईशी भाजीच्या फोडींच्या आकारावरून भांडत आली होती.

एक वाजता त्यांनी भरवायला घेतलं. पहिली सिरिंज कापशीने सासूबाईंच्या बाहीवर उडवली, दुसरी सुनेच्या चष्म्यावर. तिसरीला तिने गिळलं, बहुधा कंटाळून. दोन वाजता पुन्हा. तीन वाजता पुन्हा. मधे बाळ उठलं, त्याला खुर्चीत बसवलं, तर ते ससुलीचं तोंड उघडलं की स्वतःचंही उघडू लागलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले चार जवळ येत होते. सुनेने न्यायची टोपली दाराशी आणून ठेवली. त्या टोपलीकडे दोघींनीही बघायचं टाळलं.

चारला दहा मिनिटं असताना सासूबाई म्हणाल्या, "थांब. काहीतरी गरम लागलं."

त्यांनी टॉवेल उलगडला. मांडीवर तीन लेंड्या होत्या. मोहरीपेक्षा थोड्या मोठ्या, वेड्यावाकड्या, एक तर चक्क स्वल्पविरामासारखी. जिने उभ्या जन्मात त्या डब्याला हात लावला नव्हता, ती बाई त्या तळहातावर घेऊन खिडकीपाशी उजेडात गेली.

"लहान आहेत गं. चालतील ना?"

"चालतील," सून म्हणाली. "पळतील, आई."

तिने फोन लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छान, आता आणायची गरज नाही, औषध वेळेवर द्या, रात्री पुन्हा भरवा, उद्यापर्यंत मोठ्या होतील. सासूबाईंनी मधेच फोन ओढून घेतला. "तीन झाल्यात. आणि आत्ता एक चौथी. लिहून घ्या."

मग कापशीने मांडीवरूनच मान लांब केली, गवताची एक काडी ओढली आणि चावायला लागली. बारीक, कोरडा आवाज. दोघी श्वास रोखून ऐकत राहिल्या.

"तू जरा आडवी हो," सासूबाई हळू म्हणाल्या. "पहाटे बाळ घेऊन जागलीस, दुपारभर हिच्यापाशी. मी आहे."

"आणि तुमचे गुडघे?"

"गेले ते केव्हाच. उठता येतंय का आता? ती जेवतेय."

सून आडवी झाली नाही. तिने आतून उशी आणली, सासूबाईंच्या पाठीमागे नीट बसवली, आणि विचारलं, "आई, तुम्हाला काय आणू खायला?"